पहाटेची ४३ मिनिटं

आमचं ॲप दादरच्या फूल मार्केटातले व्यापारी वापरतात. कुणाला किती किलो झेंडू, शेवंतीचा आजचा भाव काय, कुणाकडे किती उधारी, एवढंच त्याचं काम. मध्यंतरी एका गुंतवणूकदारांनी विचारलं, "अपटाइम किती?" म्हणजे एकूण वेळेपैकी किती टक्के वेळ ॲप चालू असतं. मी म्हटलं, पहाटेचा सांगू की दुपारचा? त्यांना ती थट्टा वाटली.

९९.९ टक्के हा आकडा ऐकायला झकास, पण त्यात महिन्याला साधारण ४३ मिनिटं बंद पडायची मुभा असते. ती दुपारी तीनला गेली तर कुणी ढुंकूनही बघणार नाही. पहाटे साडेचारला, टेम्पोतून माल उतरत असताना गेली, तर व्यापारी गल्ल्याखालची वही काढतो, आणि एकदा निघालेली वही सहसा परत आत जात नाही. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री व्हॉट्सॲप सहा तासांच्या आसपास बंद होतं, तरी दुसऱ्या दिवशी आपण सगळे गुमान तिथेच होतो. नव्या कंपनीची एवढी पत कुठली!

मग ९९.९९ च्या मागे लागायचं का? त्यात महिन्याला जेमतेम सव्वाचार मिनिटं मिळतात. तेवढ्यात झोपेतून उठलेल्या माणसाचा लॅपटॉपही उघडत नाही. शिवाय आपला सर्व्हर धडधाकट असला तरी क्लाउड (भाड्याने घेतलेली यंत्रणा), पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे वळते करणारी सेवा) आणि ओटीपीचा एसएमएस दुसऱ्यांच्या हातात. तिघेही ९९.९ वाले आणि एकाच कामाला तिघेही लागत असले, तर महिन्याचे दोन तास सहज जातात.

त्यामुळे आम्ही फक्त ऑर्डर नोंदवण्याची वाट पक्की केली. पहाटे ओटीपी मागायचाच नाही. ऑर्डर आधी फोनमध्ये साठते, नेट आलं की वर जाते. तिचा क्रमांकही फोनवरच पडतो, म्हणून तीच ऑर्डर पुन्हा आली तर ओळखता येते. आमच्या एक मावशी बटण दाबून लगेच काही दिसलं नाही की आणखी चारदा दाबतात ("गेलं का बघते रे!"), तरी चाळीस किलो झेंडू एकदाच नोंदला जातो. रिपोर्ट, आलेख वगैरे अधूनमधून रुसतात. रुसू देत.

नवीन कोड रात्री टाकायचा असा इंजिनिअर मंडळींचा रिवाज. आम्ही दुपारी दोनला टाकतो, आणि गणपती-दसऱ्याच्या आठवड्यात अजिबात नाही.

एडब्ल्यूएस म्हणजे ॲमेझॉनची क्लाउड सेवा; तिचं मुंबई रीजन (तिथल्या डेटा सेंटरांचा गट) २०१६ पासून आहे, हैदराबादचं २०२२ मध्ये आलं. दोन्हीकडे सगळं चालवा, असा सल्ला बरेच जण देतात. सल्ला चुकीचा नाही, पण ते बिल आज आम्हाला झेपणारं नाही. त्यापेक्षा कमी पैशांत पहाटेच्या पाळीला एक मुलगा ठेवलाय. वडाळ्याला राहतो, काही अडलं की बाईक काढून थेट गाळ्यावर जातो.