खंडितेचं काजळ

भरतनाट्यम शिकणाऱ्या मुलींना अडवूंपेक्षा, म्हणजे हातापायांच्या मूळ हालचालींपेक्षा, अभिनयाची धास्ती जास्त असते. पाय कुठे चुकला ते तट्टकळीच्या (ताल धरायच्या लाकडी दांडक्याच्या) ठोक्यावर लगेच कळतं. भाव कुठे कमी पडला, ते कशावर मोजणार?

यंदा ताईंनी, म्हणजे माझ्या गुरूंनी, माझ्यासाठी ‘गीतगोविंदा’तली सतरावी अष्टपदी, म्हणजे सतरावं गीत, निवडली. जयदेवाच्या या बाराव्या शतकातल्या काव्यातल्या 24 अष्टपद्यांपैकी ही खंडिता नायिकेची. राधेने रात्रभर वाट पाहिली आहे आणि पहाटे कृष्ण दुसरीच्या सहवासाच्या खुणा अंगावर घेऊन समोर उभा आहे. ‘माधवा, जा’ हे तिचं ध्रुवपद.

याआधी मी तंजावरच्या सरफोजीराजांच्या, नृत्यासाठी रचलेल्या मराठी निरूपणातला एक भाग केला होता. (आचार्य पार्वतीकुमारांनी ही निरूपणं पुन्हा रंगमंचावर आणली, याचं मोल आपण मराठी नर्तकींनी तरी विसरू नये.) तिथे शब्द कानावर पडला की अर्थ लागायचा. इथे संस्कृत, तेही लांबलचक समासांचं. त्यामुळे सुरुवातीला बरेच दिवस घुंगरू पिशवीतच राहिले. जमिनीवर बसून समास सोडवायचे, अन्वय लावायचा, मग एकेका शब्दाला हस्त, म्हणजे हाताची मुद्रा, बसवायचा. हा झाला पदार्थाभिनय, आणि तो पाठ करता येतो. खरी मेहनत त्याच्या पुढे असते.

दुसऱ्या चरणात राधा म्हणते, काजळभरल्या डोळ्यांची चुंबनं घेऊन तुझे ओठही तुझ्या अंगासारखेच सावळे झालेत. काजळासाठी कपित्थ हस्त. मी तो डोळ्यापाशी नेला. ताई म्हणाल्या, “काजळ दाखवू नकोस गं, घाल. आणि कुणासाठी घालतेयस ते मनात धर.” ‘अभिनयदर्पण’ या अभिनयावरच्या संस्कृत ग्रंथात कपित्थाचे जे विनियोग, म्हणजे वापर, दिलेत, त्यांत काजळ घालणं आहे, पदर धरणं आहे, धूप-दीपाने पूजा करणंही आहे. त्यातूनच ताईंनी संचारी, म्हणजे ओळीचा भाव उलगडणारा छोटा प्रसंग, उभी केली. संध्याकाळी राधा दिवा लावते, धूप फिरवते, पदर सारखा करते, शेवटी डोळ्यांत काजळ घालते. सगळीकडे हस्त तोच. बदलतो तो श्वास आणि नजर. मग पहाट. कृष्णाच्या ओठांवर काजळ दिसतं, आणि ते तिचं नाही. कालचा सगळा साजशृंगार त्या एका डागापाशी येऊन थांबतो. ही संचारी बसवताना तालमीत माझे डोळे खरोखर भरून आले. ताईंनी तिथे थांबवलं नाही, पण नंतर म्हणाल्या, “रडायचं प्रेक्षकांनी. तुला पुढची ओळ आहे.”

ध्रुवपदाला पताक हस्त, निषेधाचा. गायिका तीच ओळ पुन्हापुन्हा घेते आणि दर वेळी ‘जा’ वेगळा हवा. एकदा संताप, एकदा उपहास, एकदा नुसता थकवा. जिथे हात तिथे दृष्टी, जिथे दृष्टी तिथे मन, हा श्लोक आम्ही पहिल्या वर्षापासून म्हणतो. पण शेवटच्या आवर्तनात ताईंनी हाताने ‘जा’ म्हणायला लावलं आणि नजर कृष्णाच्या चेहऱ्यावरच ठेवायला सांगितली. हात त्याला दूर लोटतोय, डोळे सोडायला तयार नाहीत. मला विचाराल तर सगळी खंडिता त्या फटीत आहे. नियम अंगात मुरला असेल तरच तो मोडलेला दिसतो. म्हणून हे शेवटी शिकवतात आणि शेवटीच शिकवावं.

हे आरशात बघून जमत नाही. आरशात आपण स्वतःला बघतो, कृष्णाला नाही. मी भिंतीवर माझ्यापेक्षा थोडा उंच असा एक बिंदू धरला आणि रोज त्याच्याशीच बोलले.

कार्यक्रम छान झाला. आता अठरावी अष्टपदी सुरू केली आहे. तिथे सखी राधेला सांगते, मानिनी, आता माधवावर रुसू नकोस. म्हणजे बोलणारी सखी, ऐकणारी राधा, आणि राधा आता कलहांतरिता, म्हणजे भांडून प्रियकराला घालवल्यावर पस्तावणारी. दोघींचं उभं राहणं वेगळं कसं ठेवायचं, यावर सध्या काम चालू आहे.