आप्पांनी घेतलेला पीसी आणि माझे अठरा हजार

आमच्या पीसीचं झाकण काढलं की आतून हळदीचा वास येतो. पहिली चार वर्षं तो सांगलीच्या मार्केट यार्डात होता, आप्पा जिथं हिशेब बघतात त्या अडत दुकानाच्या माडीवर. दिवसा त्याच्यावर टॅली, संध्याकाळी सातनंतर तो माझा. हळदीचे सौदे सुरू झाले की खाली पोती मोकळी व्हायची आणि ती पिवळी पूड पंखा आत ओढायचा. अजून प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या हीटसिंकच्या पात्यांत पिवळा रंग आहे. दरवर्षी ब्लोअर मारतो, तरी जात नाही.

२०१५ च्या जूनमध्ये आप्पांनी पतसंस्थेतून कर्ज काढून तो घेतला. माझा डिप्लोमा सुरू झाला होता. आय-फाइव्ह ४४६० प्रोसेसर, एच८१ चा मदरबोर्ड, रॅमची ८ जीबीची एकच स्टिक, १ टीबीची हार्डडिस्क आणि २ जीबीचं जीटीएक्स ७५० टीआय ग्राफिक कार्ड. कार्डाला वेगळी वायर लागत नाही, ६० वॅटमध्ये भागतं, म्हणून दुकानदारानं तेच सुचवलं होतं. त्या काळात ते उत्तम होतं, आजही मी असंच म्हणेन.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये, पीसी घरी आणल्याला दोन महिनेही झाले नव्हते तेव्हा, शामरावनगरात पाणी आलं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वर्षी पाणी ५७ फुटांवर गेलं. आईनं आधी धान्याचे डबे वर चढवायला घेतले, मी आधी कॅबिनेट. हार्डडिस्क काढून दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळली आणि मिरजेला आत्याकडे जाताना ती पोटाशी धरून नेली, कारण तीत दुकानाचा चार वर्षांचा हिशेब होता. परत आलो तेव्हा खालच्या खोलीत गुडघ्याएवढा गाळ होता. वर माळ्यावर पीसी कोरडा. महिनाभरानं चालू केला तर फक्त घड्याळ मागं गेलेलं. बोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदलला, संपलं.

हे सगळं आधी सांगितलं, कारण गेम अडखळायला लागल्यावर काय करू असं गेल्या वर्षभरात ज्याला विचारलं त्यानं एकच उत्तर दिलं: भंगारात घाल, नवीन घे. नवीन म्हणजे बोर्ड, प्रोसेसर, रॅम, एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा), कार्ड, सगळंच. कुपवाडच्या एमआयडीसीतल्या माझ्या पगारात ते बसत नाही. माझ्याकडे तीन महिन्यांत मिळून अठरा हजार निघत होते. ते कुठं घालायचे, एवढाच प्रश्न होता.

एक रुपया खर्चायच्या आधी मी आठ दिवस नुसतं मोजलं. एमएसआय आफ्टरबर्नर टाकलं आणि खेळताना कोपऱ्यात आकडे चालू ठेवले: प्रोसेसर किती टक्के, कार्ड किती टक्के, कार्डाची मेमरी किती भरली, तापमान किती. कार्ड सतत ९९ टक्क्यांवर आणि २ जीबी मेमरी काठोकाठ भरलेली. प्रोसेसर ८८ अंशांवर. रॅम भरली की हार्डडिस्कचा लाल दिवा जळायचा तो विझायचाच नाही, आणि नेमकं तेव्हाच चित्र अर्धा सेकंद थिजायचं. म्हणजे दुखणं एक नव्हतं. कार्ड दमलेलं होतं हे दिसतच होतं, पण ते अर्धा सेकंद थिजणं कार्डामुळं नव्हतं.

मग वहीत दोन रकाने केले. एकात असं सामान, जे पुढच्या पीसीत माझ्याबरोबर येईल: एसएमपीएस, एसएसडी (हार्डडिस्कच्या जागी लावायची वेगवान डिस्क), ग्राफिक कार्ड. दुसऱ्यात असं, जे या बोर्डाबरोबर इथंच राहील: जुन्या डीडीआर३ जातीची रॅम आणि ११५० सॉकेटचा (बोर्डावरच्या खाचेचा प्रकार) प्रोसेसर. ठरवलं की पहिल्या रकान्यावर मन मोकळं करून खर्च करायचा, दुसऱ्यावर हात आखडता. माझ्या मते जुन्या मशीनवर पैसे घालणाऱ्या प्रत्येकानं हे दोन रकाने आधी करावेत. डीडीआर३ चा महागडा, दिवे लावलेला सेट घेणारी पोरं मी बघितली आहेत, आणि मला त्यांच्या पैशाचं वाईट वाटतं.

सुरुवात एसएमपीएसपासून केली. हे कुणाला पटत नाही, कारण एसएमपीएस बदलून एकही फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) वाढत नाही. पण जुन्या डब्याचं लेबल वाचा. माझ्या डब्यावर मोठ्या अक्षरात ४५० वॅट लिहिलं होतं. खाली बारीक तक्त्यात १२ व्होल्टसमोर १४ अँपिअर. बाराला चौदानं गुणा, १६८ वॅट. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही मुख्यतः १२ व्होल्टवरच जगतात, म्हणजे खरा जीव १६८ चाच. माझा प्रोसेसर ८४ वॅटचा आणि मनात असलेलं कार्ड १२५ वॅटचं, बेरीज २०९. त्या डब्यावर ते कार्ड लावलं असतं तर एक दिवस बोर्डासकट गेलं असतं. बाजारात मोलेक्सवरून (डिस्कला वीज देणारी जुनी जोडणी) कार्डाची ८ पिन करायची जोडवायर शंभर रुपयांत मिळते आणि ती लावून काम भागवायचा सल्लाही मिळतो. ८ पिनची जोडणी १५० वॅटपर्यंत वीज द्यायला केलेली आहे. ती हलक्या डब्यातल्या मोलेक्सवर टांगणं धोक्याचं आहे. कृपा करून करू नका. ५५० वॅटचा, ब्राँझ दर्जाचा (वीज कमी वाया घालवणारा), १२ व्होल्टवर ४५ अँपिअर देणारा घेतला. ४,२०० रुपये. ऑगस्टच्या पगारातला मोठा तुकडा त्यात गेला आणि मला त्याची जराही चुटपुट नाही.

त्याच महिन्यात स्टेशन रोडवरून ५०० जीबीची साटा एसएसडी आणली, २,९०० ला. आमच्या बोर्डावर एम.२ ची, म्हणजे थेट बोर्डात बसणाऱ्या डिस्कची खाच नाही, त्यामुळं वायरीनं जोडायची साटाच. लावली, विंडोज टाकलं, वेग मोजला तर सेकंदाला २७० एमबी. पाचशेच्या वर यायला हवा होता. रात्री अकराला परत झाकण काढलं. एच८१ वर दोन साटा पोर्ट सेकंदाला ६ गिगाबिटचे असतात आणि दोन ३ गिगाबिटचे. मी हाताला आलेल्या पोर्टात वायर खुपसली होती. बोर्डावर शेजारी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, टॉर्च लावून वाचा. वायर बदलली, ५३० आला. गेम सुरू व्हायला लागणारी दोन-अडीच मिनिटं पंचवीस सेकंदांवर आली.

रॅमसाठी मिरजेत एकजण आहेत, कंपन्यांमधून निघालेले जुने पीसी मोडून सुटे पार्ट विकतात. त्यांच्याकडं १६०० मेगाहर्ट्झची ८ जीबीची स्टिक ८०० ला मिळाली. एच८१ वर दोनच खाचा आणि जास्तीत जास्त १६ जीबी, म्हणजे तिथला विषय कायमचा मिटला. इतकी वर्षं एकाच स्टिकवर चालवलं याची मात्र हळहळ वाटली. एका स्टिकवर सेकंदाला १२.८ जीबीचा रस्ता मिळतो, दोन लावल्या की तोच २५.६ चा होतो. दोन वेगळ्या कंपन्यांच्या स्टिक जमतील का ही धास्ती होती, म्हणून रात्रभर रॅम तपासणारं मेमटेस्ट लावून झोपलो. सकाळी एकही चूक नव्हती.

कार्डाला सगळ्यात जास्त वेळ लागला.

नवं स्वस्त कार्ड म्हणून आरएक्स ६५०० एक्सटी सगळे सांगतात. ते कार्ड बोर्डाशी चारच लेनवर (माहिती ये-जा करायच्या वाटा) बोलतं, आणि एच८१ ची ग्राफिकची खाच जुन्या, मंद पीसीआय एक्स्प्रेस २.० ची आहे. सोळा लेनचं कार्ड तिथं बसलं तर सेकंदाला ८ जीबीची वाट मिळते. चार लेनच्या कार्डाला फक्त २ जीबी. नव्या बोर्डवर जे बरं चालतं ते आमच्याकडं गुदमरलं असतं. आरएक्स ५८० जुन्यात स्वस्त होतं, पण १८५ वॅट खातं. शिवाय २०२२ च्या सप्टेंबरात इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग बंद झाल्यावर रात्रंदिवस राबलेली कार्डं ढिगानं बाजारात आली, आणि त्यांतल्या पुष्कळांत नावावर ५८० असून आत कापलेली, कमी ताकदीची २०४८ एसपीची चिप असते. १०५० टीआय मला मनापासून आवडतं, वेगळी वायरही लागत नाही. पण एनव्हिडियानं मॅक्सवेल आणि पास्कल पिढीच्या कार्डांना नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पासून थांबवले. माझं ७५० टीआय मॅक्सवेल, १०५० टीआय पास्कल. एका निवृत्तावरून दुसऱ्या निवृत्तावर कशाला जायचं?

तरी एकदा मोहात पडलो. ऑनलाइन जाहिरात होती, १०५० टीआय साडेतीन हजारांत. एसटीनं कोल्हापूर गाठलं. त्या माणसाच्या टेबलावर पीसी चालू होता, विंडोजमध्ये नावही बरोबर दिसत होतं. पेनड्राइव्हवरून कार्डाची खरी ओळख दाखवणारं जीपीयू-झी उघडलं, तर नावाच्या आधीच ‘फेक’ असा शब्द. आत कुठल्यातरी जुन्या कार्डाची चिप, वरून कार्डाचं नाव सांगणारी बायोस बदललेली. मी काही न बोलता पेनड्राइव्ह काढला आणि निघालो. परत येताना पूर्ण वेळ डोक्यात हेच, की माझ्याऐवजी एखादा दहावीतला पोरगा वाढदिवसाचे पैसे घेऊन आला असता तर. जुनं कार्ड घ्यायला जाताना जीपीयू-झी बरोबर न्याच. पैसे त्यानंतर.

शेवटी सांगलीतच, विश्रामबागला राहणाऱ्या इंजिनिअरिंगच्या एका विद्यार्थ्याकडं जीटीएक्स १६६० सुपर मिळालं. ६ जीबी, १२५ वॅट, आणि सोळा लेन. ट्युरिंग पिढीचं असल्यामुळं ड्रायव्हर अजून येतात. त्याच्याच पीसीवर पंधरा मिनिटं कार्डावर पूर्ण ताण देणारं फरमार्क चालवलं. ७१ अंशांवर स्थिर, चित्रावर एकही ठिपका नाही. बिलावरचा सीरियल नंबर कार्डावरच्या नंबराशी जुळवला. साडेनऊ हजार. पोरानं कार्ड जुन्या मऊ मोज्यात गुंडाळून हातात दिलं, यावरूनच कळलं की यानं ते जपलंय. माझं ७५० टीआय मिरजेतल्या एका मुलाला २,२०० ला गेलं. त्याच्याकडं साधा एसएमपीएस आहे, त्याला तेच योग्य.

कार्ड लावलं आणि जीटीए फाइव्ह सुरू केलं. फ्रेमचा आकडा पन्नासवरून ऐंशीच्या पुढं. पण गाडी जोरात पळवली की झटके, आधीपेक्षाही जास्त. कोपऱ्यातले आकडे बघितले: कार्ड ५५ टक्के, प्रोसेसरचे चारही कोर १०० वर. आता कार्ड वाट बघत बसलं होतं आणि प्रोसेसरला पुरवता येत नव्हतं. सरासरी आकड्याला भुलू नका, सगळ्यात मंद एक टक्का फ्रेम कुठं घसरतात ते बघा. डोळ्याला बोचतं ते तेच.

मिरजेच्या त्याच काकांकडून आय-सेव्हन ४७७० आणला, २,८०० ला. चार कोर, पण आठ थ्रेड (एका वेळी चालवता येणारी कामं), आणि वेग ३.४ ऐवजी ३.९ गिगाहर्ट्झपर्यंत चढतो. वीज तेवढीच, ८४ वॅट, म्हणून साध्या बोर्डावर जास्तीचा ताण नाही. थोड्या पैशांत त्याच ताकदीचा झीऑन ई३-१२३१ व्ही३ मिळत होता. तो मुद्दाम टाळला, कारण त्यात स्वतःचं ग्राफिक नाही, कार्डाशिवाय चित्रच येत नाही. याचं कारण शेवटी येतंय. ३५० रुपयांची चांगली थर्मल पेस्ट आणली. जुनी पेस्ट खडूसारखी झाली होती, नखानं खरवडून स्पिरिटनं पुसली. ८८ अंशांवरून ६६ वर आला. गेम ६० फ्रेमवर बांधली, कारण मॉनिटरच ६० हर्ट्झचा आहे. त्यापुढच्या फ्रेम म्हणजे नुसती उष्णता. झटके गेले.

सगळं मिळून २०,५५०, जुन्या कार्डाचे वजा करून १८,३५०. साडेतीनशे वर गेले. २०२५ च्या दिवाळीनंतर नव्या रॅमचे भाव कसे चढले ते बघून वाटतं, वेळेत केलं.

विंडोजचं मात्र सांगायला हवं. चौथ्या पिढीच्या प्रोसेसरला विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचे सुरक्षेचे जादा अपडेट नोंदवून घेतलेत. बँकेचं काम या पीसीवर करत नाही. म्हणजे या बोर्डाची गेमिंगची मुदत मला ठाऊक आहे, आणि म्हणूनच ते दोन रकाने. पुढच्या वर्षी बोर्ड, प्रोसेसर, रॅम घेईन. कार्ड, एसएसडी, एसएमपीएस तिकडं जातील. इकडं उरेल तो आय-सेव्हन, १६ जीबी आणि त्याचं स्वतःचं ग्राफिक. तो मार्केट यार्डात परत जाणार, आप्पांच्या टेबलावर. तिथल्या बिलांना तो अजून कित्येक वर्षं पुरेल.

आप्पांना हे सांगितलं तेव्हा ते माझ्या मागं खुर्ची टाकून युरो ट्रक सिम्युलेटर बघत होते. तरुणपणी हळदीच्या ट्रकबरोबर क्लीनरशेजारी बसून त्यांनी मुंबईच्या खेपा केल्यात, त्यामुळं ही एक गेम ते नेमानं बघतात. आधी शहरात शिरलं की फ्रेम अठ्ठावीसवर यायच्या आणि ते म्हणायचे, ‘गाडी अडखळतीया.’ आता साठ टिकतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘दुकानात नेशील तवा टॅली घालच. पण ही गाडी काढू नगंस आतनं.’