बाजारभावाचं कार्ड वर आणताना

रावेरकडच्या केळी बागायतदारांसाठी मी जळगावात बसून एक छोटं वेब ॲप बनवतोय. पहिल्याच आठवड्यात एका काकांचा फोन आला, "भाऊ, मोबाइलवर आजचा भाव सापडतच नाही." खरं होतं. भावाचं कार्ड मी बाजूच्या पट्टीच्या कंपोनंटमध्ये, म्हणजे पानाच्या एका वेगळ्या तुकड्यात, घातलं होतं आणि मोबाइलवर ती पट्टी सगळ्यात खाली जायची.

म्हटलं, स्क्रीन लहान असेल तेव्हा कार्ड दुसऱ्या कंपोनंटमध्ये हलवू. पण रिॲक्टमध्ये (ॲपचे असे तुकडे जोडायची जी लायब्ररी मी वापरतो तिच्यात) कंपोनंटचा पालक, म्हणजे तो ज्याच्या पोटात आहे तो, बदलला की जुना कंपोनंट मोडून नवा उभा राहतो. फोन आडवा धरून स्क्रीन रुंद झाली की निवडलेला तालुका, अर्धवट भरलेलं वजन, सगळं पुसलं जायचं. कोण कुणाच्या पोटात आहे आणि कोण पानावर कुठे दिसतं, या दोन गोष्टी मी एकच धरल्या होत्या.

आता भाव, हवामान, वाहतूक हे तिन्ही कंपोनंट एका पातळीवर शेजारी आहेत. त्यांच्या जागा पानाचा आराखडा ठरवतो, सीएसएस ग्रिडच्या (पान आडव्या-उभ्या खणांत मांडायच्या सोयीच्या) नावं दिलेल्या खणांनी. मोठ्या ब्राउझरांत ही सोय २०१७ पासून आहे. कार्डांचं स्वतःचं बाहेरचं मार्जिनही (भोवतीची मोकळी जागा) काढलं. कार्डांमधलं अंतर आता आराखड्याच्या 'गॅप'ने पडतं.

एक मात्र जपावं लागतं. ग्रिडने फक्त डोळ्यांना दिसणारा क्रम बदलतो; स्क्रीन रीडर (दृष्टिहीनांना पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) आणि टॅब की मूळ एचटीएमएलच्या, म्हणजे पानाच्या लिहिलेल्या कोडच्या, क्रमानेच जातात. म्हणून तिथेही भाव पहिला ठेवला. काकांना काल नवी लिंक पाठवली आहे.