रसायनशास्त्र मंडळाचा फेब्रुवारीतील मेळावा

आमच्या महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनाला जितकी गर्दी होत असे, तितकी रसायनशास्त्र मंडळाच्या वार्षिक मेळाव्याला कधीच झाली नाही. तरीही आम्ही काही जण वर्षभर वाट पाहत असू ती याच मेळाव्याची. राष्ट्रीय विज्ञान दिनाला जोडून तो दोन दिवस भरत असे. ठराविक उद्‌घाटन आणि प्राचार्यांचे भाषण उरकले, की आमचे सर प्रयोगशाळेतल्या लांब टेबलापाशी उभे राहत आणि दरवर्षी एकाच वाक्याने सुरुवात करत : "आज रामन यांचे नाव सगळे घेतील, आपण त्यांच्याच संस्थेतल्या केदारेश्वर बॅनर्जींचेही घेऊ." कोलकात्याच्या त्या संस्थेत, म्हणजे इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्समध्ये, १९३०च्या सुमारास बॅनर्जींनी नॅप्थॅलीन आणि अँथ्रासीन यांच्या स्फटिकरचनेचा, म्हणजे स्फटिकात रेणू कसे रचलेले असतात याचा, छडा लावला, ही गोष्ट आम्हांला पाठ्यपुस्तकात कुठेच भेटली नव्हती.

नॅप्थॅलीन म्हणजे कपाटातल्या डांबरगोळ्या, त्यामुळे नव्या मुलांना त्यात विशेष काही वाटत नसे. त्यांच्यासाठी आम्ही जुन्या लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यातून जोड-षट्कोन (नॅप्थॅलीनच्या रेणूतली कार्बनची दोन जोडलेली कडी) कापून ते तारांवर ओवत असू. हे सपाट रेणू एकावर एक सरळ रचले जात नाहीत; शेजारच्या ओळी एकमेकींकडे कलतात आणि माशाच्या काट्यासारखी नक्षी तयार होते. तो कल हाताने साधताना प्रत्येकाची तारांबळ उडे, पण एकदा साधला की रेणूंमधल्या जागा कशा भरून निघतात, हे न सांगता समजे. शेजारी अँथ्रासीनचे तीन कड्यांचे प्रारूप असे. दोन्ही स्फटिकांच्या एकक कोशाच्या (स्फटिकभर पुन्हा पुन्हा येणाऱ्या सर्वांत लहान ठोकळ्याच्या) दोन बाजू जवळजवळ सारख्या, तिसरी मात्र अँथ्रासीनमध्ये सुमारे अडीच अँगस्ट्रॉमने (अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग) लांब, म्हणजे साधारण एका कड्याच्या रुंदीइतकी. विल्यम हेन्री ब्रॅग यांनी १९२१ साली हेच ताडून रेणू स्फटिकात या तिसऱ्या बाजूच्या दिशेने उभे असल्याचा तर्क केला होता. आजही मला हा तर्क साऱ्या स्फटिकशास्त्रातला सर्वांत देखणा वाटतो.

मेळाव्याचे खरे आकर्षण मात्र बेंझमाइड या सेंद्रिय पदार्थाचे चंचुपात्र होते. व्होलर आणि लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी १८३२ साली नोंदवलेला प्रयोग आम्ही पुन्हा करत असू : उकळत्या पाण्यात बेंझमाइड विरघळवायचे, ते निवू द्यायचे आणि वाट पाहायची. निवताना पात्रभर बारीक, चमकदार सुया दाटून येत, इतक्या की पात्र तिरके केले तरी द्राव वाहत नसे. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगातून पाहिले, तर सुयांच्या गर्दीत कुठे कुठे पोकळ्या पडलेल्या दिसत आणि प्रत्येक पोकळीच्या मध्यभागी एक जाड, समभुज चौकोनी स्फटिक बसलेला असे. आजूबाजूच्या सुया त्यानेच संपवलेल्या असत. रेणू तोच, रचना दुसरी. सेंद्रिय पदार्थाच्या बहुरूपतेचे हे पहिले नोंदलेले उदाहरण. एखाद्या वर्षी सुया तशाच राहत, तेव्हा पाहुण्यांसमोर आमची पंचाईत होई आणि सर मात्र खूश दिसत.

चहा-बटाटेवड्यानंतर एखादे माजी विद्यार्थी बोलत. औषधनिर्मितीत असलेल्या एकांनी पॅरासिटामॉलची दोन रूपे समजावली होती : बाजारात असते ते रूप अधिक स्थिर, पण नुसते दाबून त्याची गोळी नीट बांधली जात नाही, दुसऱ्यातले रेणूंचे थर एकमेकांवरून सरकतात, म्हणून ते चांगले दबते, पण ते टिकवणे अवघड. रिसॉर्सिनॉल या सेंद्रिय पदार्थाचे उदाहरण तर वादच पेटवून गेले, कारण ते तापवल्यावर मिळणारे बीटा रूप मूळ अल्फा रूपापेक्षा अधिक घन असते, हे कोणाला पटेना. अल्फा रूपात हायड्रोजन बंधांनी (शेजारच्या रेणूंना जोडणाऱ्या कमजोर बंधांनी) रेणूंना ऐसपैस बसवलेले असते, हे रॉबर्टसन आणि उबेलोडे यांनी १९३०च्या दशकातच दाखवले होते.

पुढे सर निवृत्त झाले, तरी मेळाव्याला येत राहिले. बेंझमाइडच्या त्या सुयांची रचना जर्मनीतील संशोधकांनी २००७ साली उलगडली, हेही त्यांनीच टेबलापाशी उभे राहून सांगितले. पावणेदोनशे वर्षे का लागली, असे एका विद्यार्थिनीने विचारताच त्यांनी चंचुपात्राकडे बोट केले : क्ष-किरणांसाठी सुट्टा, धड स्फटिक हवा, आणि हे रूप तेवढा काळ टिकतच नाही, म्हणून शेवटी रचना चूर्णावरूनच काढावी लागली.