आचऱ्याचे कानविंदे आणि कॅम्पसवरचा गणपती

कानपूरच्या आयआयटीत तेव्हा मराठी घरं मोजकीच होती. एरवी ती विभागांत, प्रयोगशाळांत विखुरलेली असायची. भाद्रपद आला की एकत्र यायची. वर्गणी, आरास, नाटुकल्याच्या तालमी, मोदकांची पाळी, सगळं श्रावणातच ठरायचं. मोदकांची पिठी सुट्टीत पुण्याला गेलेलं कोणीतरी घेऊन यायचं आणि ती सगळ्यांत वाटली जायची. मखर मुलं करायची, आरत्या मोठी माणसं म्हणायची आणि "घालीन लोटांगण"ला सगळं सभागृह गोल फिरायचं. आजूबाजूची बंगाली, तमिळ, पंजाबी कुटुंबंही यायची. प्रसादाला तर नक्कीच.

या उत्सवातली माझी सगळ्यात आवडती संध्याकाळ म्हणजे काकांच्या गोष्टीची. काका बांधकामातले, मूळचे मालवणकडचे. दरवर्षी आरतीनंतर मुलं त्यांच्याभोवती बसायची आणि ते कॅम्पस कसा उभा राहिला ते सांगायचे. सुरुवात ठरलेली असायची. समोरच्या इमारतीकडे बोट दाखवून ते म्हणायचे, "ह्यां सगळां आमच्या आचऱ्याच्या झिलान केल्यान." म्हणजे मालवणजवळच्या आचरा गावच्या मुलाने. मग आम्ही विचारायचं, "कोणी?" आणि ते अभिमानाने नाव घ्यायचे: वास्तुविशारद अच्युत कानविंदे.

गोष्ट दर वर्षी थोडी वाढायची. 1916 साली आचऱ्यात जन्मलेला मुलगा, वडील चित्रकलेचे शिक्षक. मुंबईत जे. जे. मध्ये वास्तुकलेचं शिक्षण, तिथे क्लॉड बॅटलींसारखे गुरू. 1945 मध्ये सरकारने त्यांना हार्वर्डला पाठवलं. जर्मनीत बाउहाउस ही कला आणि वास्तुकलेची शाळा सुरू करणारे वॉल्टर ग्रोपियस देश सोडून हार्वर्डमध्ये शिकवत होते. 1947 मध्ये कानविंदे परतले ते नव्या देशाच्या प्रयोगशाळा बांधायला. अहमदाबादच्या अटिराची, म्हणजे कापड उद्योगाच्या संशोधन संस्थेची इमारत त्या काळातली, साधी, सरळ रेषांची, नक्षीकामाला पूर्ण फाटा दिलेली. मग 1955 मध्ये दिल्लीत मित्र शौकत राय यांच्याबरोबर त्यांनी स्वतःची फर्म काढली, कानविंदे अँड राय. पुढे मोराद चौधरी भागीदार झाले आणि त्यांचंही नाव पाटीवर आलं.

इथे काका थांबायचे, कारण आता कानपूर यायचं. कल्याणपूरला ग्रँड ट्रंक रोडच्या कडेला हजार एकरांहून जास्त जमीन, आणि फर्म अवघ्या चार-पाच वर्षांची. 1959 मध्ये संस्था सुरू झाली तेव्हा पहिले वर्ग शहरातल्या हारकोर्ट बटलर तंत्रज्ञान संस्थेच्या जागेत भरत होते. इकडे कॅम्पस आकार घेत होता. मला आजही वाटतं की एवढ्या नवख्या फर्मवर एवढं मोठं काम सोपवणाऱ्यांचंही कौतुक व्हायला हवं. पहिले संचालक पुरुषोत्तम काशिनाथ केळकर, तेही मराठी. ग्रंथालयाला आज त्यांचं नाव आहे.

काका नुसतं सांगून थांबत नसत. एकदा ते आम्हाला ग्रंथालयाकडे घेऊन गेले आणि उघड्या काँक्रीटवर हात फिरवायला लावला. बोटांना बारीक उभ्या रेघा लागल्या. "ह्यो सेंटरिंगच्या फळयेचो ठसो. लाकडाची शीर पण उठली हा बघ." म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्याच्या फळीचा ठसा. गिलावा नाही, रंग नाही, त्यामुळे सुताराने फळी कशी लावली तेही भिंतीवर कायम राहिलं. काँक्रीटची चौकट आणि मध्ये विटांची भिंत, म्हणजे काय कशाने पेललंय ते लहान मुलालाही दिसायचं. इमारती जोडणारे छताखालचे लांब मार्ग, काही ठिकाणी दुमजली, ही तर आमची खास जागा. कानपूरचं ऊन आणि भाद्रपदातली सर, दोन्हींतून डोकं वाचवत विद्यार्थी एका विभागातून दुसऱ्यात जायचे. जाता येता कोणी भेटलं की तिथेच गप्पा रंगायच्या. आमच्या निम्म्या तालमी त्याच सावलीत झाल्या.

विसर्जनाला कानपूरजवळच्या बिठूरच्या घाटावर जायचो. दुसरे बाजीराव 1851 पर्यंत तिथे राहिले, नानासाहेब आणि मनू, म्हणजे पुढची झाशीची राणी, तिथेच वाढले. पेशव्यांबरोबर आलेल्या काही घराण्यांचे वंशजही तिथे राहतात. गंगेच्या काठी "पुढच्या वर्षी लवकर या" म्हणताना मोठ्या माणसांचे आवाज दाटून यायचे.

आम्ही पांगल्यावरही फर्मचं काम दिसत राहिलं. मेहसाण्याच्या दूधसागर डेअरीत काँक्रीटचे हवा खेळवणारे उंच मनोरे आहेत, आतली वाफ आणि उष्णता बाहेर जावी म्हणून वर चढवलेले. ते पाहिले की अटिरापासून हा माणूस किती पुढे आला ते कळतं: हवा, ऊन, काम करणारी माणसं यांच्यावरून आकार ठरवायचा. दिल्लीचं इस्कॉन मंदिर 1998 मध्ये उघडलं, तेव्हा ते ऐंशी पार केलेले होते. 2002 च्या डिसेंबरात ते गेले. मुलगा संजय कानविंदे याच फर्ममध्ये वास्तुविशारद झाला, आणि दिल्लीतलं ऑफिस पुढे चालू राहिलं.

जुन्या कानपूरकरांचा मेळावा आता गणपतीनंतरच्या एखाद्या रविवारी पुण्यात होतो. काका नाहीत, त्यांची मुलगी येते. गेल्या खेपेला जेवणानंतर आम्ही कोंढव्याला एनआयबीएमचा, म्हणजे बँक व्यवस्थापनाच्या राष्ट्रीय संस्थेचा परिसर पाहायला गेलो. तोही याच फर्मचा, टेकडीच्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी बसवलेला. तिने नातवाचा हात धरून काँक्रीटवर फिरवला आणि काकांचंच वाक्य मालवणीत म्हटलं. पुढचा मेळावा मुंबईत, वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरला करायचा ठरलाय. ती इमारतही कानविंद्यांचीच, 1985 ची. नातवंडांना आतले विज्ञानाचे खेळ पाहायचेत आणि आम्हाला इमारत, तेव्हा अख्खा दिवस काढून यायला सगळ्यांना सांगितलंय.