ओम्नीचं ऑईल मी घरीच बदललं

फिल्टरवर मार्करनं लिहिलेली तारीख दिसली नसती, तर मी आजही गॅरेजलाच गेलो असतो.

माझी जुनी मारुती ओम्नी आहे. मागच्या सीटा काढून फळ्या ठोकल्यात. त्यावर स्टीलची भांडी लादून परभणीहून जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी असे आठवडी बाजार करतो. ही गाडी ज्यांनी चालवली त्यांना सांगायला नको, इंजिन बरोबर पुढच्या सीटखाली. मे महिन्यात पारा ४३-४४ ला टेकला की वरून सूर्य, खालून इंजिन आणि मधे आपण. कंपनीनं २०१९ मध्ये ओम्नी बनवणं बंद केलं, पण बाजार करणारे आम्ही तिला सोडायला तयार नाही.

तर झालं असं, जिंतूर रोडला सायलेन्सरची पट्टी निसटली. तार घेऊन गाडीखाली शिरलो आणि समोर ऑईल फिल्टर दिसला. त्यावर तारीख होती, मागच्याच्या मागच्या वर्षीच्या दिवाळीची. हिंगोलीला एका मिस्त्रीनं तेव्हा फिल्टर बदलून ती लिहिली होती, मला चांगलं आठवत होतं. त्यानंतर आमच्या गावातल्या ओळखीच्या गॅरेजात दोन वेळा सर्व्हिसिंग झाली आणि दोन्ही बिलांत फिल्टरचे पैसे लावलेले. भांडलो नाही. रोज नमस्कार घालणारा माणूस, काय भांडणार? पण पुन्हा गाडी तिथं न्यायची नाही हे मात्र ठरलं.

शेजारी चाचा राहतात. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत. त्यांना म्हटलं, "चाचा, ऑईल मीच बदलतो, तुम्ही फक्त बघा." ते म्हणाले, "कर. मैं बैठता बाजू में. हात नहीं लगाऊंगा." बायको म्हणाली, "बनी तो बनी, नहीं तो परभणी. आपण तर परभणीतच आहोत, जास्तीत जास्त काय होईल?"

सामान आदल्या दिवशी आणलं. २०डब्ल्यू-४० ग्रेडचं ३ लिटर ऑईल, फिल्टर आणि चेंबर नटाचा (इंजिनाच्या तळाच्या ऑईलच्या टाकीचा, ज्यातून जुनं ऑईल काढतात तो नट) नवा वायसर. ग्रेडचं गणित चाचांनी सांगितलं ते असं: 'डब्ल्यू' म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान तितकं ऑईल थंडीत लवकर पळतं. नंतरचा आकडा तापल्यावरच्या जाडीचा, म्हणजे १०० अंशाला मोजलेल्या. नव्या गाड्यांना ५डब्ल्यू-३० किंवा त्याहून पातळ लागतं. माझ्या जुन्या इंजिनाला, त्यात आपल्या हवेला, २०डब्ल्यू-४० पुरतं. ऑईल पेट्रोल पंपावरून किंवा खात्रीच्या दुकानातूनच घ्यावं आणि झाकणाचं सील बघावं. ब्रँडेड रिकाम्या डब्यात भलतंच ऑईल भरून विकणारे असतात, म्हणून मी काम झाल्यावर डबा कात्रीनं कापूनच टाकतो.

सगळ्यात मोठी अडचण जुनं ऑईल कशात काढायचं. भांड्यांचा धंदा माझा, पण घरून आधीच ताकीद मिळाली: "दुकानातलं एक पातेलं जरी उचललंत तर बघा." शेवटी बांधकामावरचं लोखंडी घमेलं आणलं. त्यात ४ लिटर तरी मावलं पाहिजे, एवढं बघून घ्यायचं.

सकाळी सहालाच सुरुवात केली. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधी शिरायचं नाही, चाचांची पहिली अट. जॅक टायर बदलायला असतो, माणसानं खाली झोपायला नाही. आमचा जुना वाडा पाडला तेव्हाच्या सागवानी तुळईचे दोन तुकडे होते. पुढची चाकं हळूच त्यांवर चढवली, हँडब्रेक ओढला, पहिल्या गिअरला टाकली आणि मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावले. इंजिन पाच मिनिटं चालवून बंद केलं. ऑईल कोमट झालं की पातळ होऊन तळातला गाळ सोबत घेऊन येतं. कडक तापलेलं असलं तर मात्र हात भाजतो, म्हणून मधलं तापमान धरायचं. मग सीट उचलून वरचं ऑईलचं झाकण सैल केलं, म्हणजे हवा आत जाते आणि खालून धार नीट लागते.

चेंबर नटाला १७ नंबरचा रिंग पाना बसला. डबल एंड, म्हणजे उघड्या तोंडाच्या पान्याच्या नादी लागू नये, नटाचं डोकं गोल होतं आणि मग मिस्त्री नाही, लेथवाला शोधावा लागतो. मी जोर लावला. नट हलेना. पाय गाडीच्या चाकाला टेकवून जोर लावला. तरी हलेना. मला वाटलं, गॅरेजवाल्यानं पाइप लावूनच आवळलाय. एवढ्यात ओट्यावरून आवाज आला, "बेटा, तू खोल नहीं रहा, कस रहा है." खाली उताणं पडलं की डावं-उजवं सगळं फिरतं. मी पाच मिनिटं नट घट्टच करत होतो! तोंड नटाकडे असताना घड्याळाच्या उलट, एवढंच लक्षात ठेवायचं. उलटा पाना फिरवल्यावर मात्र 'टक' झालं आणि पुढं बोटांनी सुटला.

शेवटच्या आट्याला नट आत दाबून धरत फिरवायचा आणि एकदम बाजूला ओढायचा, असं चाचा सांगत होते. मी ओढला, पण कोपरापर्यंत ऑईल आलंच. आधी धार सरळ खाली पडत नाही, थोडी पुढं उडते, हे कुणी सांगत नाही. घमेलं आधीच अर्धा फूट सरकवून ठेवा.

काळंभोर निघालं, काकवीसारखं. मी घाबरलो. चाचा म्हणाले, काळं आहे म्हणून वाईट समजू नको. इंजिनातली काजळी आणि घाण ऑईल स्वतःत धरून ठेवतं, ते त्याचं कामच आहे. घाबरायचं तेव्हा, जेव्हा ऑईल दुधाळ होतं. म्हणजे पाणी मिसळलं. किंवा बोटांमध्ये चोळल्यावर लोखंडाचा चुरा खरखरला तर. माझ्यात दोन्ही नव्हतं. ऑईल थेंब थेंब होईपर्यंत आम्ही चहा घेतला. चहाला घाई नाही, ऑईललाही नाही, वीस मिनिटं तरी द्यावीत.

वायसर बदलला, नट आधी बोटांनी लावला. पहिले तीन-चार आटे बोटांनी गेले नाहीत तर नट आडवा चढतोय असं समजावं आणि पुन्हा काढावा. चेंबरचे आटे गेले की खर्च कैक पट वाढतो. मग पान्यानं आवळला, पण लटकून नाही.

फिल्टरनं मात्र घाम काढला. हाताला ऑईल, फिल्टरला ऑईल, पकड काही बसेना. जागा इतकी अरुंद की मनगट वळत नाही. आरपार पेचकस मारून फिरवावं असं मनात आलं. चाचा नको म्हणाले. पत्रा फाटतो, बुड तिथंच राहतं, मग बाजार बुडतो. शेवटी फडक्यानं कोरडा पुसला, त्यावर पॉलिश पेपर खरखरीत बाजू आत करून गुंडाळला आणि दोन्ही हातांनी पिळला. सुटला. पाव वाटी ऑईल पुन्हा बाहीत.

नव्या फिल्टरच्या रबरी रिंगला बोटानं ताजं ऑईल लावलं, जागेवर फिरवला, रिंग टेकल्यावर आणखी पाऊण वळसा हातानंच. पाना अजिबात नाही. वर येऊन मोठ्या ऐटीत म्हटलं, "झालं चाचा." त्यांनी जुना फिल्टर उचलून उलटा केला. "इसकी रिंग किधर है?"

रिंग नव्हती. जुनी रिंग इंजिनालाच चिकटून बसली होती आणि मी तिच्यावर नवी चढवली होती. अशा दोन रिंगा एकमेकींवर बसल्या तर इंजिन चालू झाल्यावर ऑईलच्या दाबानं सरकतात आणि बघता बघता सगळं ऑईल रस्त्यावर येतं. ओळखू आलं तोवर इंजिन बसलेलं असतं. पुन्हा खाली शिरलो, नवा फिल्टर काढला, अंधारात बोट फिरवून ती काळी रिंग सोलून काढली. मग त्या जागेवर कोरडं फडकं मारून फिल्टर परत लावला. आता मी जुना फिल्टर हातात आला की पहिल्यांदा रिंगच मोजतो. एक. मोजायला काही अवघड नाही.

गाडी तुळयांवरून खाली, सपाट जागी आणली. वरून नरसाळं लावून अडीच लिटर ओतलं. नवं ऑईल करडीच्या तेलासारखं, ओतताना चांगलं वाटतं. डबा रिकामा करायची हौस आवरावी, जास्त ऑईलही इंजिनाला बाधतं. इंजिन चालू केलं. ऑईलचा लाल दिवा दोन-तीन सेकंद राहिला तेवढ्यात माझा जीव वर आला, मग विझला. फिल्टर रिकामा असतो, तो भरायला तेवढा वेळ लागतोच. खाली वाकून बघितलं, कुठं गळती नाही. बंद करून दहा मिनिटांनी ऑईल मोजायची पट्टी पुसून पाहिली, थोडं थोडं करत वरच्या खुणेच्या जरा खाली आणलं. अजून पाव लिटरभर लागलं.

खर्च म्हणाल तर गॅरेजच्या बिलापेक्षा निम्म्याहून थोडा जास्त. त्या हिशोबात कोपरापर्यंतचं ऑईल, एक शर्ट आणि चाचांचे तीन चहा धरलेले नाहीत.

घमेल्यातलं जळकं ऑईल बघून दोन गिऱ्हाइकं लगेच आली. सेंट्रिंगवाल्याला प्लेटांना लावायला हवं होतं, चुलतभावाला शेतातल्या लाकडी खांबांना, उधईसाठी. दोघांनाही नाही म्हटलं. हे ऑईल २०१६ च्या नियमांत घातक कचऱ्यात धरलंय, आणि आमच्या गल्लीतली नाली उघडीच आहे. पावसात ते कुठं जातं ते आपण रोज बघतो. जुन्या डब्यात भरून, घट्ट बूच लावून मी ते एका गॅरेजात दिलं, जिथं ड्रमवाला येऊन नेतो. हो, दुसऱ्या गॅरेजात.

रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकला. सकाळी त्यावर दोन थेंब. काळजात धस्स झालं. चाचा म्हणाले, फिल्टर काढताना सांडलेलं असेल, पुसून पुन्हा टाक. दुसऱ्या दिवशी एक थेंब. तिसऱ्या दिवशी पुठ्ठा कोरडा निघाला, तेव्हा मी भांडी भरली आणि मानवतच्या बाजाराला निघालो. निघण्याआधी मार्कर घेऊन खाली शिरलो आणि नव्या फिल्टरवर तारीख आणि किलोमीटर लिहून आलो.