आम्ही स्पीड चोरत नाही

सांगलीत नेटच्या धंद्यातल्या कुणालाही आमच्या दुकानाबद्दल विचारा. 'ते होय, स्पीड कमी करून देणारे!' असं उत्तर हमखास मिळेल. हे बिरूद आम्हाला कुणी चिकटवलं ते मला पक्कं ठाऊक आहे. वाटचाल लिहा म्हणून पोरं मागं लागलीच आहेत, तर हेही एकदाचं लिहून टाकतो.

सुरुवात चारचौघांसारखीच. हरभट रोडच्या मागे गाळा, कॉम्प्युटर दुरुस्ती, थोडे दिवस सायबर कॅफे, मग ऑफिसांचं लॅन केबलिंग. मार्केट यार्डातल्या हळद-बेदाण्याच्या अडत दुकानांनी आमचं पोट भरलं. ती वर्षं बरी गेली.

खरं काम हाताला लागलं ते मावसभावामुळे. तो वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजला शिकत होता, संध्याकाळी दुकानात येऊन बसायचा. तेव्हा एडीएसएल होतं, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरचं नेट, अपलोड सेकंदाला ५१२ किलोबिट (केबीपीएस). एका मशीनवर पिंग (पाकीट जाऊन उत्तर यायला किती मिलिसेकंद लागतात त्याची मोजणी) चालू ठेवून त्यानं दुसऱ्यावरून लग्नाचे फोटो मेलला लावले, तर चाळिसातला पिंग तीन हजारांच्या वर! "दादा, लाइन मंद नाही. मोडेममध्ये पाकिटं, म्हणजे डेटाचे तुकडे, तुंबलीत." हिशोब त्यानं बिलाच्या पाठीमागेच मांडला. बफर म्हणजे मोडेममधली पाकिटांची थांबायची जागा. २५६ किलोबाइटचा बफर (एका बाइटचे आठ बिट) ५१२ केबीपीएसनं रिकामा व्हायला चार सेकंद लागतात. मेमरी स्वस्त झाली तसे कंपन्यांनी बफर वाढवत नेले. डेटा पाठवण्याचा वेग ठरवणाऱ्या टीसीपीला पाकीट गळालं की समजतं, जरा दमानं घ्यायचं. इथं पाकीट गळतच नाही, म्हणून पाठवणारा ओततच राहतो, आणि मागून आलेलं पिटुकलं डीएनएसचं (साइटचा पत्ता विचारणारं) पाकीट चार सेकंद ताटकळतं.

आम्हाला वाटलं होतं आपणच शोध लावला. पण २०१० मध्ये जिम गेटिस या प्रोग्रामरना अमेरिकेत स्वतःच्या घरी हेच दिसलं होतं, आणि 'बफरब्लोट' हे नाव त्यांच्यामुळेच रुळलं. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी कोडेल हे रांग आवरायचं तंत्र मांडलं. रांग किती लांब आहे हे ते मोजत नाही, पाकीट रांगेत किती वेळ उभं होतं ते बघतं. ही वाट १०० मिलिसेकंद सलग ५ मिलिसेकंदांच्या वर राहिली, की पाकिटं टाकायला सुरुवात. त्याच वर्षी एरिक दुमाझे यांनी त्याला समान वाटपाची जोड दिली आणि एफक्यू-कोडेल या नावानं ते लिनक्स ३.५ मध्ये आलं (बऱ्याच राऊटरांच्या आत लिनक्सच असतं).

समान वाटप म्हणजे काय, हे मी गिऱ्हाइकाला वीजबिलाच्या खिडकीवरून सांगतो. एजंट शंभर बिलांचा गठ्ठा घेऊन पुढं उभा आहे आणि मागं एकच बिल घेऊन आजी. जुन्या राऊटरमध्ये आजी शंभर बिलं संपेपर्यंत उभी. आमच्यात एजंटाचं एक, आजीचं एक. एजंटाचं फारसं बिघडत नाही आणि आजी घरी जाते.

हे घरगुती राऊटरवर चालवून दाखवणाऱ्यांत डेव्ह टाट यांचं नाव पहिलं. २०२५ च्या एप्रिलमध्ये ते गेल्याचं कळलं तेव्हा मी भावाला बंगळुरूला फोन लावला. धंद्याचं सोडून आम्ही बराच वेळ त्यांच्याबद्दलच बोलत बसलो.

आता हत्यारांचं. आमची सगळी उमेदवारी टीपी-लिंकच्या आर्चर सी-सेव्हन राऊटरवर झाली. जुना बाजार, भंगारवाले, कुठून कुठून गोळा केले. त्यावर ओपन-डब्ल्यूआरटी, म्हणजे कंपनीच्या जागी बसणारं फुकटचं सॉफ्टवेअर, चढवताना लाइट गेली (उन्हाळ्यात जाणारच), की राऊटरची वीट होते, म्हणजे तो चालूच होत नाही. मग लॅपटॉपला १९२.१६८.०.६६ हा पत्ता द्यायचा, टीएफटीपी सर्व्हर (फाईल देणारा साधा प्रोग्राम) लावायचा, रिसेट दाबून धरून राऊटर चालू करायचा, की तो स्वतः फाईल ओढून घेतो. त्यानंही नाही उठला तर झाकण काढून टीटीएल केबल थेट आतल्या बोर्डाला जोडायची. ग्राउंड, टीएक्स, आरएक्स एवढ्याच तीन तारा, चौथीला हात लावायचा नाही. नवीन पोरगं कामावर ठेवताना मी क्रिम्पिंग (केबलला पिन बसवणं) बघत नाही, मेलेला राऊटर उठवायला देतो. तुम्हीही हेच करा, मुलाखतीत काही कळत नाही.

आणखी एक. समान रांगा लावल्या की हार्डवेअर ऑफलोड (पाकिटं सीपीयूला वगळून परस्पर पुढं ढकलायची सोय) बंद करावा लागतो, प्रत्येक पाकीट सीपीयूतून जातं. खोक्यावर 'गिगाबिट' छापलेला स्वस्त राऊटर तिथं धापा टाकतो. खोकं बघून माल भरू नका, आतली चिप विचारा.

मुद्द्यावर येतो. हे सगळं चालायचं तर रांग आपल्या डब्यात लागली पाहिजे, ऑपरेटरच्या यंत्रात नाही. म्हणून लाइन ५० एमबीपीएसची असेल तर आम्ही ४५ वर बांधतो. ते वरचे पाच सोडावेच लागतात, नाहीतर पाकिटं पुन्हा पलीकडे तुंबतात. हीच ती चोरी.

२०१९ च्या महापुरात गाळ्यातला माल गेला. त्यावर सगळ्यांनी लिहिलंय, मी काही लिहीत नाही. २०२० मध्ये लॉकडाऊन लागला आणि विश्रामबागच्या एका मोठ्या सोसायटीचं काम मिळालं. घरोघरी पुण्याहून परतलेली आयटीतली पोरं, ऑनलाइन शाळा, वर मोबाइलचा फोटो बॅकअप. फ्लॅटमागे एक राऊटर बसवला. गडी उभा राहणार असं वाटलं.

तिथं लाइन पुरवणारा ऑपरेटर दुसरा होता. नाव घेत नाही. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्यानं स्पीड टेस्टचा फोटो टाकला. प्लॅन ५०, दिसतायत पंचेचाळीसच्याही आत. खाली लिहिलं, 'बाकीचे कुठं मुरले, दुकानदाराला विचारा.' संपलं! मी लॅपटॉप घेऊन मीटिंगला गेलो, अपलोड चालू ठेवून दोन्हीकडचा पिंग दाखवला. त्याच्या डब्यावर चारशेच्या वर, आमच्यावर पंचविसाच्या आत. सेक्रेटरी म्हणाले, "ते खरं असेल ओ, पण आकडा कमी दिसतोय की." लोकांना मोठा आकडा पाहिजे, पिंगचा आकडा मात्र बारका पाहिजे असतो हे सांगून जीभ सुजली. त्यानं शंभरचा प्लॅन आणि लाल अँटेनांचा गेमिंग राऊटर गळ्यात मारला. अपलोड मात्र वीसच. बॅकअप लागला की मीटिंगा पुन्हा अडखळायच्या, पण आता शिव्या खायला आम्ही तिथं नव्हतो. आमचं बिल अडकलं, बँकेचा हप्ता थकला, दोन पोरं सोडावी लागली. घरी बायकोनं मोबाइल दुरुस्तीचा क्लास शोधून ठेवला होता. मी तिकडं फिरकलोही नाही.

त्या काळात मिरजेच्या गाणं शिकवणाऱ्या बाईंनी तगवलं. त्यांच्या शिष्या लंडन-दुबईच्या. हा ऑपरेटर त्यांच्याकडेही पोचला होता. बाईंनी त्याचं कनेक्शन आठवडाभर लावून बघितलं आणि सांगितलं, "तुमचा आकडा मोठा असेल हो. पण नातू खाली गेम उतरवायला लागला की मी सांगितलेली गाण्यातली जागा पोरीला दोन सेकंदांनी ऐकू येते. तोवर ती पुढं गेलेली असते." त्याचा राऊटर त्यांनी पिशवीत घालून परत केला. वर ओळखीच्या चार घरी आम्हाला पाठवलं, कुठं पैशांची घासाघीस होऊ दिली नाही. त्यांच्याकडे आता केक हे कोडेलच्या पुढचं तंत्र चालतं. २०१८ मध्ये ते लिनक्स ४.१९ मध्ये आलं. त्यात वाटप नुसतं कनेक्शनवार नाही, यंत्रवारही होतं. नातवानं टोरेंटची तीस कनेक्शनं उघडली तरी त्याच्या लॅपटॉपला एकाच यंत्राचा वाटा.

पुढची वर्षं कामात गेली. मायक्रोटिक कंपनीच्या राऊटरांच्या राऊटर-ओएस सात या सॉफ्टवेअरमध्ये केक आल्यापासून तालुक्यातले छोटे ऑपरेटर स्वतःच बोलावतात. त्यांच्या मायक्रोटिकवर रांगा लावून द्यायचं काम आता घरगुती कामापेक्षा जास्त आहे. पैसे निम्मे आधी घेतो. सोसायटीला उधारीवर माल कधीच देऊ नका, कमिटी बदलली की नवे लोक तुम्हाला ओळखत नाहीत.

मागच्या दिवाळीत पुष्पराज चौकात त्याच ऑपरेटरचा फ्लेक्स लागला होता, 'लो लेटन्सी फायबर, सांगलीत प्रथमच'. लो लेटन्सी म्हणजे तोच बारका पिंग. पोरांनी फोटो काढून आणला. मी म्हटलं, फोटो राहू दे, विश्रामबागच्या सोसायटीला थकलेल्या बिलाचं पत्र पुन्हा टाका.